राहण्याच्या जागा पुष्कळ आहेत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

२ नोव्हेंबर २०२५च्या रविवार पुरवणीत स्वर्गाच्या कल्पनेवरचा लेख वाचला. स्वर्ग म्हणजे गरिबाला दाखवलेलं गाजर, आणि वर जागा मिळण्याची ज्याला खात्री असते तो खालच्या अन्यायाबद्दल तोंड उघडत नाही, असं लेखकाचं म्हणणं. लेख चांगला उतरलाय, मला राग वगैरे आला नाही. योगायोग एवढाच की त्याच दिवशी सकाळी मी दफनभूमीत होतो. आम्हा कॅथलिकांत २ नोव्हेंबर हा मृतांचा स्मरणदिन, आणि यंदा तो रविवारीच आला. झेंडू, मेणबत्त्या, खराटा आणि पाण्याची बाटली घेऊन गेलो, बायकोच्या कबरीवरचं गवत उपटलं, घरी येऊन चहा टाकला, पेपर उघडला तर समोर स्वर्ग. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण मधूनच लावा, शेवटाला नको.

मी ठाण्याचा, ईस्ट इंडियन. म्हणजे इथलाच, पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलणारा ख्रिस्ती. ते नाव आमच्या लोकांनी १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्तानं घेतलं आणि तेव्हापासून आम्ही बंगालचेही नाही आणि आसामचेही नाही, हे लोकांना समजावत बसलोय. वय ७१. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूमला २६ वर्षं फिटर होतो. तलावपाळीजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट हे आमचं चर्च, पोर्तुगीज काळापासूनचं.

लेखातला मुद्दा मला नवा नाही. आमच्या युनियनचे एक पुढारी गेटसभेत धर्माला अफू म्हणायचे आणि सभा संपली की हळूच विचारायचे, ‘नाताळचा केक आणणार ना?’ संपात मी ९४ दिवस गेटवर बसलो, त्यातले रविवार आधी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ऐकून मग गेटवर. वर जागा मिळणार म्हणून खालचा बोनस सोडून द्यावा, असं आमच्यातल्या एकालाही कधी वाटलं नाही. चर्चही तसं सांगत नाही. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावर परिपत्र काढलं, त्यात रास्त मजुरी आणि संघटना करायचा हक्क स्वच्छ लिहिलाय. यंदा मे महिन्यात निवडून आलेल्या पोपनी लिओ हे नाव घेतलं ते त्याच आठवणीनं. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ साली या आक्षेपालाच हात घातला होता: नव्या पृथ्वीची वाट पाहताना या पृथ्वीची काळजी कमी होता कामा नये, उलट वाढली पाहिजे. आता कागदावर आहे म्हणून सगळे तसे वागतात असं नाही. संप फोडून आत गेलेल्यांत दोघे आमच्याच चर्चचे होते. त्यांना मी अजून मनापासून माफ केलेलं नाही, हे कन्फेशनमध्येही सांगून झालंय.

ते असो. मला लिहायचंय गाजराबद्दल. गाजर दाखवून गाढव चालवायचं तर गाढवाला ते गाजर दिसावं लागतं. माझ्या बायकोला दिसत नव्हतं.

२०१९च्या फेब्रुवारीत तिच्या किडन्यांनी हात टेकले. साखर जुनी, प्रेशर जुनं, दोन्हीकडे दुर्लक्ष झालेलं. मग डायलिसिस, आठवड्यातून तीनदा, मंगळवार-गुरुवार-शनिवार, दर खेपेला चार तास. मी डायरी ठेवली होती, जुनी सवय. शेवटापर्यंत ८४१ खेपा झाल्या. प्रत्येकीच्या पुढं आधीचं वजन, नंतरचं वजन, प्रेशर. ज्याच्या घरात डायलिसिस असतं ते घर घड्याळापेक्षा वजनकाट्यावर जास्त चालतं. दोन खेपांच्या मध्ये दोन किलोच्या वर वजन चढलं की पाणी जास्त झालं. पाणी दिवसाला ८०० मिली, चहा आणि आमटी धरून. शहाळं बंद, केळं बंद, बटाटा चिरून पाण्यात भिजत घालायचा आणि ते पाणी ओतून द्यायचं.

एकदा बाहेरच्या बाकावर बसून मी हिशेब केला. मशीनमधून मिनिटाला साधारण अर्धा लिटर द्रावण फिरतं, शुद्ध केलेल्या पाण्यात बनवलेलं. चार तासांत १२० लिटर. म्हणजे हातभर अंतरावरून १२० लिटर पाणी वाहतंय आणि तिची जीभ टाळूला चिकटलेली. हा हिशेब मी तिला कधी सांगितला नाही.

तिच्या डाव्या हाताला फिस्टुला होता. धमनी आणि शीर ऑपरेशन करून एकमेकींना जोडतात, मग शीर फुगते आणि जाड सुया टोचायला जागा होते. त्या जागी बोट ठेवलं की आत घरघर लागते. तिला थ्रिल म्हणतात. थ्रिल लागतंय म्हणजे रस्ता चालू आहे, थांबलं की धावत दवाखाना गाठायचा. सिस्टर म्हणाली रोज तपासा. मी आयुष्यभर बेअरिंगवर हात ठेवून मशीनची तब्येत ओळखत आलो, तेव्हा हे काम माझ्याकडे आलं. रात्री जपमाळ झाली की दिवा मालवण्याआधी तिच्या मनगटाच्या वर अंगठा ठेवायचा. घर्र, घर्र. ‘पास,’ मी म्हणायचो, टूलरूममध्ये जॉब तपासून म्हणायचो तसं. त्या हातात बांगडी नाही, त्या हातावर प्रेशर मोजायचं नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही. साडेपाच वर्षं ती उजव्या कुशीवर, म्हणजे माझ्याकडे पाठ करून झोपली.

दर रविवारी चर्चमधून एक बाई कम्युनियन, म्हणजे मिस्सेत पवित्र केलेली ओस्ती, घेऊन घरी येत. ओस्ती म्हणजे पापुद्र्यासारखी पातळ भाकर. कोरड्या तोंडात ती टाळूला बसते, खाली उतरत नाही. मग चमचाभर पाणी. तो चमचा मी त्या दिवसाच्या हिशेबात धरायचो. ती म्हणायची, ‘देवाचंसुद्धा मोजता?’ मोजायचो.

आता आमच्याच लोकांबद्दल. लेखकाला जे म्हणायचंय त्याचा खरा मासला मला देवळाबाहेरच्या कुणाकडून मिळाला नाही, आमच्यातूनच मिळाला. २०२२च्या उपवासकाळात कुणीतरी आग्रह केला म्हणून तिला एका प्रार्थनासभेला नेलं. तिथं एका गृहस्थांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून जाहीर केलं की किडन्या बऱ्या झाल्या आहेत, आणि आता मशीनला चिकटून राहणं म्हणजे देवावर अविश्वास. टाळ्या झाल्या. ती रडली, मीही रडलो. शनिवारची खेप आम्ही चुकवली. रविवारी रात्री तिला आडवं होता येईना, बसली तरी श्वास पुरेना, फुप्फुसात पाणी झालेलं. पहाटे आयसीयू. चार दिवस. ते गृहस्थ नंतर फोनवर म्हणाले, ‘तुमचा विश्वास कमी पडला.’ त्यांची चूक होतीच, पण माझी जास्त. मी फिटर माणूस. गेज लावल्याशिवाय कधी जॉब हातावेगळा केला नाही आणि इथं रक्तातलं क्रिएटिनिन न तपासता पास करून टाकला.

आमचे त्या वेळचे फादर फार बोलत नसत. आयसीयूबाहेर त्यांनी मला एवढंच सांगितलं की आशेच्या विरुद्ध चर्च दोन पापं मानतं. एक निराशा, ते सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरं देवाला गृहीत धरणं, आणि ते भक्तीच्या वेषात येतं म्हणून ओळखू येत नाही. सैतानानं येशूला मंदिराच्या टोकावर उभं केलं आणि म्हणाला, टाक उडी, देवदूत झेलतील. येशूनं उडी टाकली नाही. प्रभू तुझा देव याची परीक्षा पाहू नकोस, म्हणाला आणि पायऱ्यांनी खाली आला. (पायऱ्यांचं बायबलात नाही, ते फादरचं.) मग त्यांनी बेनसिराच्या पुस्तकातला ३८वा अध्याय वाचायला लावला. कॅथलिक बायबलात हे पुस्तक आहे, प्रोटेस्टंटांच्यात नसतं. त्यात सरळ सांगितलंय की वैद्याचा मान राखा, त्यालाही देवानंच घडवलंय, औषधं देवानंच जमिनीतून उगवली आहेत आणि शहाणा माणूस ती नाकारत नाही. देवावर भरवसा म्हणजे काय, असं मला आज कुणी विचारलं तर मंगळवारी सकाळी साडेसहाला रिक्षा बोलावणं, एवढंच सांगता येईल.

तिला गाजर दिसत नव्हतं असं वर म्हटलं, त्याचं सांगतो. २०२३च्या पावसाळ्यात एका रात्री तीनच्या सुमाराला तिनं मला उठवलं. खाज सुटून झोप नव्हतीच. म्हणाली, ‘मला काहीच वाटत नाही हो. जपमाळ ओढते, पण पलीकडं कुणी आहे असंच वाटत नाही. मेल्यावर काही नसेल तर?’ ही बाई पहिल्या कम्युनियनच्या वर्गाला १९ वर्षं शिकवत होती. अर्ध्या ठाण्यातली पोरं हिच्याकडून ‘स्वर्ग म्हणजे काय’ पाठ करून गेलेली. मी काय बोलणार? लाइट लावला, अंगठा ठेवून थ्रिल पाहिलं, ‘पास’ म्हटलं. तिला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी घाबरून फादरकडे गेलो. मला वाटलं हिची श्रद्धाच गेली. फादरनी विचारलं, ‘जपमाळ म्हणते ना अजून?’ म्हटलं, म्हणते. मग त्यांनी फ्रान्समधल्या लिज्यूच्या संत तेरेजाचं सांगितलं. आमच्या घरात गुलाब घेतलेली तिची तसबीर लग्नापासून आहे, पण तिच्याबद्दल मला गुलाबापलीकडं काही माहीत नव्हतं. क्षयानं २४व्या वर्षी, ३० सप्टेंबर १८९७ला गेली. १८९६च्या ईस्टरच्या सुमारापासून मरेपर्यंत, म्हणजे दीड वर्ष, तिला स्वर्गाचा विचार पूर्वीसारखा गोड लागेनासा झाला होता. पूर्वी जिथं उजेड दिसायचा तिथं आभाळाला टेकलेली भिंत उभी राहिली, असं तिनं लिहून ठेवलंय. नास्तिकाला काय वाटत असेल ते मला आता कळतं, असंही. तरी ती प्रार्थना करत राहिली, मठातल्या बायकांशी नीट वागत राहिली. आणि अशा पोरीला चर्चनं १९२५ साली संत केलं. पोप फ्रान्सिस यांनी २०२३च्या ऑक्टोबरमध्ये तिच्यावर एक अख्खं पत्र लिहिलं, त्याचा विषयच भरवसा.

हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा ती बराच वेळ तसबिरीकडं बघत बसली. मग म्हणाली, ‘सांगायला नको होतं का कुणी आधी? मी पोरांना नुसती गुलाबंच शिकवली.’

तेव्हा लेखकाला विचारायचंय ते हे. ज्या बाईला समोर भिंत दिसते, आमिष दिसत नाही, तरी जी सकाळी उठून शेजारच्या बेडवरच्या म्हातारीसाठी वेगळी बिनमिठाची पोळी करून नेते, तिला कसलं गाजर दाखवलंय कुणी?

बाकी तिची थट्टा शेवटपर्यंत जागेवर होती. आमची बिल्डिंग सात वर्षं रिडेव्हलपमेंटच्या वाटेवर आहे. आधीचा बिल्डर पळाला, दुसरा आला, सभा होतात, कॉर्पसच्या पैशांवरून भांडणं होतात, कागद हलत नाही, ओसी म्हणजे राहायला जायचा दाखला तर लांबच. एका रविवारी, ती अजून चर्चला येऊ शकत होती तेव्हा, योहानाच्या शुभवर्तमानातला चौदावा अध्याय वाचला गेला. ‘माझ्या पित्याच्या घरात राहण्याच्या जागा पुष्कळ आहेत, मी तुमच्यासाठी जागा तयार करायला जातो.’ हिनं मला कोपरानं ढोसलं आणि कानाशी म्हणाली, ‘विचारा की फादरला, ओसी मिळालीय का?’ मी इतक्या मोठ्यानं हसलो की पुढच्या बाकावरच्या बाईंनी वळून पाहिलं.

स्वर्गात काय हवं, असं मी तिला एकदा विचारलं होतं. देवाचं दर्शन वगैरे म्हणेल असं वाटलं. म्हणाली, ‘तांब्याभर पाणी. एका दमात. तुम्ही डायरी घेऊन समोर नसताना.’

२०२४च्या ऑगस्टमध्ये, धो धो पावसात, ती गेली. घरीच. प्रेशर इतकं खाली होतं की मशीनला लावणं शक्य नव्हतं, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आणि तिनंही मान हलवली. हे निराशेतून नव्हतं आणि हट्टानंही नव्हतं, आता औषधाचं काम संपलं एवढंच. फादर गुडघाभर पाण्यातून आले, कपाळाला आणि तळहातांना तेल लावलं. डाव्या तळहाताला लावताना ती पुटपुटली, ‘त्या हाताला जपून.’ पहाटे मी अंगठा ठेवला. आत काही चालू नव्हतं. मी बराच वेळ अंगठा काढला नाही.

दफनाच्या मिस्सेला शुभवर्तमान कुठलं घ्यायचं विचारलं तेव्हा मी योहान चौदा म्हटलं. आणि ‘राहण्याच्या जागा पुष्कळ’ आलं तेव्हा मला हसू फुटलं. पेटी समोर, मुलगी शेजारी रडतेय आणि नवरा हसतोय. लोकांना वाटलं धक्का बसलाय. त्या मिस्सेत एक वाक्य असतं, आमची प्रत्येक मयत ते ऐकून जाते: तुझ्या भक्तांचं जीवन बदलतं, संपत नाही. शेकडो वेळा ऐकलेलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हे फार मोठं विधान आहे आणि फादर ते फार घाईत म्हणतात.

तिची निधनवार्ता आपल्याच पेपरात दिली होती. छापून आली ‘कै.’ लावून. आमची ही कैलासाला कधी गेली म्हणून मुलगी चिडली. मी म्हटलं, राहू दे, कुणीतरी जागा तर दिली. पण एक सांगायला हवं. आमच्यात मेलेला प्रत्येक जण सरळ स्वर्गवासी होत नाही. तसं नावानिशी चर्च फक्त संतांबद्दल म्हणतं. बाकीच्यांसाठी प्रार्थना करायची, मिस्सा लावायची. देवासमोर उभं राहण्याआधी माणसाला शुद्ध व्हावं लागतं, त्याला आम्ही शुद्धिस्थान म्हणतो, आणि त्यात इथल्या माणसांच्या प्रार्थनेची मदत होते असं मानतो. आशा धरा, पण निकाल लावू नका, असा तो हिशेब. मला हे पटतं. जॉब माझा नाही, तपासणारा मी नाही.

कबरीचंही तसंच. ठाण्या-मुंबईकडे आमच्या दफनभूमीत जागा नाही. साधी कबर कायमची नसते. काही वर्षांनी ती उघडतात, हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात किंवा सगळ्यांच्या एकत्र जागी ठेवतात आणि त्याच मातीत पुढचा माणूस. इथंही लीज आहेच, हे तिला आवडलं असतं. या बाबतीत ठाण्याला मोठी परंपरा आहे म्हणा. १३२१ साली चीनला निघालेले चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू इथं मारले गेले. त्यांची हाडं आधी सोपाऱ्याला पुरली आणि पुढं ओदोरिक नावाच्या त्यांच्याच एका बंधूनं ती उकरून थेट चीनपर्यंत नेली. त्या चौघांतल्या तोलेंतिनोच्या थॉमसला १८९४ साली धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) म्हणून मान्यता मिळाली. ठाण्यातल्या शंभर लोकांना विचारा, एकाला माहीत असेल तर शपथ.

हाडं इकडची तिकडं झाल्यावर पुनरुत्थान नेमकं कशाचं, असं मी फादरना विचारलं होतं. आम्ही शरीराचं पुनरुत्थान मानतो, निव्वळ आत्म्याचं नाही. ‘मग फिस्टुलासकट का?’ फादर हसले नाहीत. म्हणाले, येशू उठला तेव्हा हातावरच्या खिळ्यांच्या खुणा गेल्या नव्हत्या, आपल्या शिष्याला, थॉमसला, त्यानं त्याच दाखवल्या. पुढचं त्यांनी माझ्यावर सोडलं.

मुलगी ऐरोलीला असते, आयटीत आहे. चर्चला येते ती नाताळला आणि माझ्यासाठी. यंदा २ तारखेला कबरीवर मेणबत्ती लावताना तिनं विचारलं, ‘पप्पा, आई आत्ता कुठंय? चर्च काय म्हणतं ते नको, तुम्हाला काय वाटतं?’

‘चांगल्या हातात आहे,’ मी म्हटलं.

‘हे तुम्हाला माहीत आहे?’

‘नाही.’

‘मग?’

वाऱ्यानं मेणबत्ती सारखी विझत होती, ती नीट लागेपर्यंत मी वेळ काढला. आम्ही रविवारी जो विश्वासांगीकार म्हणतो, त्याची सुरुवात ज्या नायसियाच्या परिषदेत झाली तिला यंदा १७०० वर्षं झाली. पोप फ्रान्सिस यांनी हेच वर्ष आशेचं म्हणून जाहीर केलं आणि ते स्वतः ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी गेले. त्या प्रार्थनेत देवाबद्दल, येशूबद्दल, पवित्र आत्म्याबद्दल सगळीकडे ‘मी विश्वास ठेवतो’ येतं. पण मेलेल्यांच्या पुनरुत्थानाशी आलं की लॅटिनमध्ये क्रियापदच बदलतं: ‘एक्स्पेक्तो’. वाट पाहतो. मी मुलीला तेवढंच म्हटलं, ‘वाट पाहतो.’ ती म्हणाली, ‘बिल्डिंगसारखी?’ आईवर गेलीय.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९९च्या जुलैमध्ये एका बुधवारच्या सभेत सांगितलं होतं की स्वर्ग म्हणजे ढगांतली जागा नव्हे, देवाशी असलेलं जिवंत नातं. विद्वानांना ते पुरत असेल. मला मात्र योहानातलं घर आणि जागाच बरी वाटते, कारण त्यात दार आहे, कुणीतरी आधी पोचलेलं आहे आणि बहुतेक पाण्याचा तांब्या आहे. यात काही भाबडं असेल तर असू दे.

हे पत्र मी डायलिसिस सेंटरच्या बाहेरच्या त्याच बाकावर बसून लिहितोय. आमच्या तळमजल्यावरचा एक रिक्षावाला आहे, ५२ वर्षांचा, मार्चपासून सुरू झालाय. बायको पोळीभाजीच्या कामाला जाते, मुलगा लहान, बरोबर यायला कुणी नाही. डायरी पुन्हा काढली, मागची पानं कोरी होतीच. त्याचा स्वर्गावर विश्वास नाही. ‘काका, मेलं की मीटर बंद,’ म्हणतो. लेखकाचं आणि त्याचं चांगलं जमेल. पाणी मात्र चोरून पितो, परवा तीन किलो वाढवून आला.

सिस्टरनं आत्ता हाक मारली. सुया काढल्या आहेत, भोकांवर गॉज दाबून धरायला माणूस पाहिजे. दहा मिनिटं सोडता येत नाही. इथंच थांबतो.

आपला,
एक निवृत्त फिटर
चरई, ठाणे (पश्चिम)

(नाव छापू नये, ही विनंती.)